दरेकसा: एका स्टेशनाभोवतीची वस्ती

मराठीत शहरी वस्त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. गिरगाव, लालबाग-परळ, कामाठीपुरा, पुण्यातील पेठा ही नावे मराठी वाचकाच्या इतकी परिचयाची आहेत, की तो तेथे कधी गेला नसला तरी त्याला त्या गल्ल्या पाठ असतात. या लेखनात बहुतेक वेळा एक गृहीतक दडलेले असते. निरनिराळ्या भाषा, जाती आणि प्रांत एका नळावर येतात ते महानगरात. खेडे एकजिनसी असते आणि जंगल तर त्याहूनही. मला हे गृहीतक कधी पटले नाही. माझी पहिली अकरा वर्षे ज्या वस्तीत गेली ती महानगराच्या कोणत्याही व्याख्येत बसणारी नव्हती. भोवती साग, मोह आणि तेंदूचे रान होते. तरीही तेथे नळ एकच होता आणि नळावरच्या भाषा सहा होत्या.

ही वस्ती म्हणजे दरेकसा. गोंदिया जिल्हा, सालेकसा तालुका. हावडा-मुंबई मार्गावर नागपूरहून पूर्वेकडे निघाले की गोंदियानंतर गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. पुढचे बोरतलाव छत्तीसगडात. म्हणजे या लोहमार्गावरचे हे महाराष्ट्रातील शेवटचे स्टेशन, किंवा तुम्ही कोणत्या तोंडाने येता त्यावर, पहिले. मेलगाड्या येथे थांबत नाहीत. खिडकीतल्या प्रवाशाला दरेकसा आठवते ते बोगद्यामुळे आणि पावसाळ्यात हाजरा धबधब्यामुळे. पुण्यात शिकत असताना मी गावाचे नाव सांगितले की समोरचा विचारी, ‘दरे समजले, पण कसा?’ हा विनोद प्रत्येकाला आपणच प्रथम केला असे वाटत असे. अलीकडच्या काळात ते नाव बाहेर पोहोचले ते नक्षलवाद्यांच्या ‘दरेकसा दलम’मुळे. हिंदी वर्तमानपत्रे ते ‘दर्रेकसा’ असे छापत, आणि त्या द्वित्तामुळे गाव आणखीच भयानक वाटे.

वस्तीला जन्म दिला रेल्वेने. गाव, गोंडांचे टोले, डोंगर हे सगळे आधीचेच. पण स्टेशनाभोवती जे जमले त्याचा इतिहास १८८० च्या आसपास सुरू होतो. छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्यासाठी नागपूरपासून राजनांदगावपर्यंत १८८० ते १८८२ या काळात मीटरगेज मार्ग टाकण्यात आला. त्याचे नाव नागपूर-छत्तीसगड रेल्वे. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग घेऊन तो ब्रॉडगेज केला आणि १८९१ मध्ये पूर्वेकडे आसनसोलपर्यंत नेऊन भिडवला. तेव्हापासून नागपूरचा माणूस कलकत्त्याला जाताना अलाहाबादचा वळसा घालीनासा झाला. आमच्या दृष्टीने याचा परिणाम वेगळाच होता. दरेकसा स्टेशनाचे धनी मुंबईत कधीच नव्हते. कंपनीचे मुख्य कार्यालय कलकत्त्याच्या गार्डनरीचला. १९४४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली तरी, आणि १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे निर्माण झाली तरीही, पत्ता तोच राहिला. २००३ पासून विभाग बदलून मुख्यालय बिलासपूरला आले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन इतकी वर्षे लोटली, पण या स्टेशनातील घड्याळ कोणाच्या हुकमाने चालावे हे कधी महाराष्ट्रातल्या मुख्यालयात ठरले नाही.

कंपनी आपली माणसे जेथून भरती करी तेथून ती आमच्याकडे येत. माझे वडील वर्ध्याकडचे, सहायक स्टेशन मास्तर. शेजारच्या क्वार्टरमध्ये विजयनगरमकडचे तेलुगू कुटुंब, पलीकडे मेदिनीपूरचे सिग्नलवाले बंगाली बाबू. गँगमन आणि पॉइंट्समन यांपैकी निम्मे डोंगरगडकडचे छत्तीसगढी, उरलेले आसपासच्या टोल्यांतील गोंड. चहाचा ठेला प्रतापगडच्या एका पंडितजींचा होता. दूध घालायला येणारे पोवार. या सर्वांत मराठी ही आमच्या घरची भाषा, म्हणजे अल्पसंख्याकांची. आईला हे समजायला वर्ष लागले. माहेरी तिच्या कानावर दुसरी भाषा क्वचित पडलेली. येथे तिला मिरच्या विकत घ्यायच्या तरी हिंदी बोलावे लागे. तिच्या हिंदीला सगळे हसत आणि ती सगळ्यांच्या मराठीला. मग दूधवालीशी बोलता बोलता ती छत्तीसगढी शिकली, तीही नकळत, ‘हव’ या शब्दापासून. होकारासाठी ‘हव’ आमच्या वऱ्हाडी-नागपुरीतही आहे आणि छत्तीसगढीतही. दोन बायका परस्परांचे बाकी काही न समजता अर्धा तास ‘हव’ म्हणत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या अर्ध्या तासात एकीने दुसरीला घराची संपूर्ण हकीकत सांगून टाकलेली असे.

नळ एकच होता हे वाक्य लिहायला सोपे आहे. रांग मात्र एक नव्हती. मास्तरांच्या घरचे भांडे आधी लागे, मग बाबूंचे, मग पॉइंट्समनचे. गँगमनच्या बायका बाजूला बसून राहत, आणि त्यांच्यातही सतनामी घरची बाई गोंड बाईच्या मागे बसे की पुढे यावर कुजबूज होई. ही रांग कोणी लिहून ठेवलेली नव्हती. बंगाली काकू एकदा रागाने म्हणाल्या, पाणी काय तुमच्या बापाचे आहे, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःची घागर काढून एका गोंड बाईची लावली. हे कौतुकाने सांगितले जाई. पण दुसऱ्या दिवशी रांग पूर्वीसारखीच लागली, हे सांगितले जात नसे. मिश्र वस्तीविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी हा दुसरा दिवसही लिहावा असे मला वाटते.

आमच्या बाजाराबद्दल मात्र हळवे झाल्याशिवाय राहवत नाही. आठवड्यातून एकदा टोल्यांवरून माणसे येत; मोहफुले, चारोळी, डिंक, बांबूच्या टोपल्या, खाली मांडलेले बोडीतले मासे. पौष पौर्णिमेच्या सुमारास छत्तीसगढी पोरे ‘छेरछेरा’ म्हणत दारोदार धान मागत फिरत, आणि आई सूपभर धान घेऊन दारात उभी असे. दिवाळीत मुली टोपलीत मातीचा पोपट ठेवून सुवा नाचत येत. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरे आणि रात्री दंडार. कोणता सण कोणाचा, हे मला फार उशिरा, पुस्तकातून कळले.

ग्रिअर्सनचे भाषासर्वेक्षण पुढे हाती आले तेव्हा मी पहिल्यांदा आमचा बाजार शोधला. १९०५ साली आलेल्या सातव्या, मराठीच्या खंडात हलबी सापडली. पोवारी तेथे नव्हती. ती सहाव्या, पूर्वी हिंदीच्या खंडात बघेलीच्या आश्रयाला बसवलेली. गोंडी अर्थातच चौथ्या खंडात, द्राविडी भाषांबरोबर. जी माणसे एका झाडाखाली बसून मीठ आणि डिंक यांचा सौदा करीत होती त्यांना तीन खंडांत वाटून टाकलेले पाहून गंमत वाटली. सर्वेक्षणकाराला दोष देण्यात अर्थ नाही. भाषांची कुळे मांडायची तर असेच करावे लागणार. पण बाजार कुळांनुसार भरत नाही. तेथली पोवारी झाडीबोलीतून शब्द उचलते, झाडीबोली छत्तीसगढीतून, आणि ‘ण’ म्हणण्याचा त्रास तिघींपैकी कोणीच घेत नाही. शाळेत आमचे गुरुजी ‘पाणी’ लिहायला लावत आणि स्वतः घोट घेताना ‘पानी’ म्हणत.

वडिलांची बदली गोंदियाला झाली आणि आम्ही रेलटोलीत राहायला गेलो. या नावाकडे लोकांचे लक्ष जात नाही. झाडीपट्टीत मूळ गावापासून थोड्या अंतरावर जी चार घरे उभी राहतात त्यांना टोली किंवा टोला म्हणतात. रेल्वे आली, तिच्या कामगारांची वस्ती झाली, आणि लोकांनी तिला आपल्या पद्धतीने नाव दिले: रेलटोली. इंग्रजी रेल आणि रानातली टोली. गोंदिया शहर असेच वाढले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथून जबलपूरकडे आणि चांद्याकडे छोट्या लाइनी निघाल्या आणि जंक्शन झाले. मागोमाग विडीचा आणि तांदळाचा व्यापार वाढला. गुजराती पटेल आले. नडियादकडचे मनोहरभाई पटेल विडीच्या व्यवसायातून येथले पुढारी झाले आणि १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभी राहिली. मारवाडी होतेच, फाळणीनंतर सिंधी आले. राइस मिलचा कोंडा, विडीच्या कारखान्यातला तंबाखू आणि इंजिनाचा धूर यांचा मिळून एक वास शहराला होता. जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. जबलपूरची छोटी लाइन टप्प्याटप्प्याने मोठी होत अलीकडे पुरी झाली. तो वास आता तितका राहिलेला नाही.

रेलटोलीत आणि दरेकशात एक फरक होता, आणि तो मला शहर म्हणजे काय ते शिकवून गेला. दरेकशात शेजाऱ्याची भाषा आली नाही तर मीठ मिळत नसे. गोंदियात सर्वांनी हिंदीवर तडजोड केली होती. सोय झाली, हे खरे. पण तेलुगू मुले तेलुगू विसरली, आम्ही भावंडे घराबाहेर मराठी बोलायला लाजू लागलो, आणि कोणालाच कोणाची भाषा शिकण्याची गरज उरली नाही. वस्ती तितकीच मिश्र होती. मिसळणे कमी झाले. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी मराठीची ही स्थिती पाहून पुण्या-मुंबईचे पाहुणे हळहळत. मला त्यांच्या हळहळीत सामील होता येत नसे. गोंदियात हिंदीपुढे मराठी मागे हटली असेल, पण दरेकशाच्या शाळेत मराठीपुढे गोंडी किती मागे हटली याचा हिशेब त्यांच्यापैकी कोणी विचारला नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे तीस लाखांच्या आसपास आहेत. स्वतःला गोंड म्हणवणारे त्याच्या कितीतरी पट. मधले सगळे कोणत्या ना कोणत्या शाळेत शिकले.

या भागाची हद्द फार जुनी नाही, आणि फार नवीही नाही. ब्रिटिश अमलात भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि पूर्वेला डोंगरगड खैरागड संस्थानात. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली आणि ती रेघ पुसली गेली. आठ वर्षे नागपूर ही दोन्ही बाजूंची राजधानी होती. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि दरेकसा व बोरतलाव यांच्यामध्ये पुन्हा रेघ आली, या वेळी भाषेच्या नावाने. फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली असती तरी ही रेघ साधारण येथेच पडली असती. भाषा कोठे संपते ते जमिनीवर दाखवता येत नाही, म्हणून राज्यकर्त्यांनी जुन्या संस्थानी हद्दीचा आधार घेतला. सोयरिकी मात्र रेघेच्या आरपार होत राहिल्या.

त्या सोयरिकींची किंमत मी एका बाईंच्या निमित्ताने पाहिली. बोरतलावकडची ही गोंड मुलगी १९८० नंतर धनेगावात दिली गेली. आम्ही तिला वहिनी म्हणत असू. त्या वेळी पलीकडे मध्य प्रदेश होता, २००० पासून छत्तीसगड झाला. पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, त्यांच्या वॉर्डात ती जागा आदिवासी स्त्रीसाठी निघाली, आणि गावाने वहिनींना उभे राहायला सांगितले. एका कचेरीत त्यांना जातीचा दाखला मागण्यात आला. दाखला माहेरचा होता. अनुसूचित जमातींच्या याद्या घटनेप्रमाणे राज्यवार असतात; एका राज्यातला माणूस दुसऱ्यात राहायला गेला की त्याला मूळ राज्याचा दाखला मिळतो, नव्या राज्यातल्या राखीव जागांचा लाभ मिळत नाही, आणि लग्नाने हे बदलत नाही. कारकुनाने हे सर्व नीट, न चिडता समजावून सांगितले. वहिनींनी विचारले, ‘म्हणजे जी, मी तिकडं गोंड हाव अन् इकडं नाही?’ कारकून म्हणाला, ‘गोंड तर हावच बाई, पन आमच्या नाही.’ नियमामागे कारण आहे; प्रत्येक राज्यात मागासलेपणाची परिस्थिती वेगळी, असे न्यायालयांनीही मानले आहे. पण त्यांच्या माहेरापासून सासरपर्यंत एका दिवसात चालत जाता येते, वाटेत एकच डोंगर आहे, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्याच डोंगरातल्या देवाला मानतात.

या मार्गावरून गेलेल्या माणसांत मला सर्वाधिक कुतूहल आहे ते मुक्तिबोध बंधूंचे. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मराठी घरातले दोघे भाऊ. थोरले गजानन माधव हिंदीत लिहू लागले, धाकटे शरच्चंद्र मराठीत. गजानन काही वर्षे नागपुरात होते, तेथे ‘नया खून’ या साप्ताहिकात त्यांनी काम केले, आणि १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून गेले. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह त्याच वर्षीचा. शरच्चंद्र नागपुरात शिकवीत राहिले. ‘नवी मळवाट’चा कवी, ‘सरहद्द’चा कादंबरीकार, १९७९ मध्ये ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी साहित्य अकादमीचा मानकरी. त्या सहा वर्षांत दोन भावांच्या मधला रस्ता म्हणजे आमची ही लाइन. नागपूर-राजनांदगाव प्रवासात दरेकसा टळत नाही. माझे वडील पुढे त्याच फलाटावर झेंडी धरून उभे राहिले, याला साहित्याच्या इतिहासात काही महत्त्व नाही, मला आहे.

एका घरातून दोन भाषांतले दोन मोठे लेखक निघाले हे आपण नवल म्हणून सांगतो, आणि लगेच दोघांना दोन कपाटांत ठेवतो. मराठी समीक्षा शरच्चंद्रांविषयी बोलताना गजाननांचा उल्लेख आदराने करते आणि पुढे जाते. हिंदीवाल्यांना तर धाकटा भाऊ कवी होता हेही पुष्कळदा ठाऊक नसते. दोघांची मार्क्सवादी बैठक, आत्मशोधाची तळमळ, सौंदर्याची मीमांसा करण्याची ओढ ही शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवीत, आणि तसे वाचण्याची सवय ज्याला दोन्ही भाषा घरच्या आहेत अशाच वाचकाला असणार. असे वाचक या लाइनीवर आहेत. दोन्ही बाजूंचे साहित्यव्यवहार त्यांना सीमेवरचे, म्हणून जरा अर्धवट समजतात. (मागे जायचे तर आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे गाव असे वा. वि. मिराशींनी प्रतिपादिले आहे. भवभूती पुढे कनोजला, यशोवर्म्याच्या आश्रयाला गेला. येथल्या लेखकाने बाहेर जाऊन नाव काढायचे ही रीत जुनीच दिसते.)

वर्षातून एकदा दरेकसा स्वतःच शहर होते. माघ पौर्णिमेला धनेगावच्या वर कचारगडच्या गुहेत गोंडांची जत्रा भरते. कोया पुनेमच्या परंपरेप्रमाणे कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती. शिळा हलेना, तेव्हा हिरासुका पाटालीराने किंगरी वाजवून त्यांच्या अंगात बळ आणले, शिळा सरकली, आणि तिच्याखाली तो स्वतः चिरडला गेला. पारी कुपार लिंगोने मग त्या मुलांना दीक्षा देऊन समाज बांधला. वाद्य वाजवणारा मरतो आणि त्याच्या संगीताने सुटलेल्यांतून समाज उभा राहतो, इतकी गंभीर उत्पत्तिकथा मला दुसरीकडे आढळली नाही. जुने स्थान विस्मरणात चालले होते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) आणि त्यांच्या सोबत्यांनी ते पुन्हा लोकांपुढे आणले. कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत आणि उरलेला वेळ गोंडी भाषेला देत. आता मंडला, बस्तर, आदिलाबादकडून माणसे येतात, लाखांनी. जी गाडी एरवी येथे चार माणसे उतरवते ती रिकामी होऊन पुढे जाते. ‘जय सेवा’ म्हणत लोक उतरतात, आणि त्या चार दिवसांत दरेकशात मराठी बोलणारा पुन्हा अल्पसंख्याक होतो, जसे आम्ही होतो.

मागच्या खेपेस गेलो तेव्हा क्वार्टरची जुनी ओळ पाहायला जाण्याचे मी टाळले. जत्रेत पुस्तकांच्या दुकानांपाशी बराच वेळ गेला. लिंगोच्या तसबिरी, पिवळे शेले, दिनदर्शिका, आणि गोंडी शिकवणारी अंकलिपी, देवनागरीत. विकणारा नागपूरचा, घेणारे राजनांदगावकडचे, घासाघीस हिंदीत चाललेली. एक मुलगा अंकलिपी उघडून मोठ्याने अक्षर जुळवीत होता. शाळा मराठी असावी, कारण अनोळखी शब्द तो मराठीसारखे तोडत होता. त्याचा आजा शेजारी उभा राहून प्रत्येक शब्द दुरुस्त करीत होता आणि मुलगा ऐकत नव्हता. मी दोन प्रती घेतल्या. एक धनेगावला वहिनींच्या नातीला दिली.